तीन शीट बसल्या आणि एक बोलायला लागली: कड्यांवर सबफ्लोअर कसा बांधायचा?

अर्धी सुतारीण

मंडळी, आधीच सांगते, मी सुतार नाही. ड्रिल धरता येतं, करवत बऱ्यापैकी सरळ चालवता येते आणि चुकलं तर परत उपसायची तयारी असते, एवढंच भांडवल.

वरच्या मजल्यावरची एक खोली आहे, ४.८ मीटर बाय ३.६ मीटर. तिथल्या जुन्या फळ्या इतक्या कुरकुरायच्या की रात्री कुणी पाणी प्यायला उठलं तरी सगळ्या घराला कळायचं. त्या सगळ्या काढल्या. आता कड्या, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी तुळया, उघड्या आहेत. त्यांच्यावर आधी १८ मिमीचा प्लाय, म्हणजे सबफ्लोअर, आणि मग वर लाकडी जमीन, असा बेत. जमिनीच्या फळ्या अस्सल लाकडाच्या, २० मिमी जाड, १२० मिमी रुंद. येऊन पडल्यात, अजून गठ्ठे फोडलेले नाहीत.

कड्या ४५ बाय १९५ मिमीच्या, खोलीच्या आखूड अंगाने टाकलेल्या, एकूण तेरा. मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी असायला हवं, पण ज्याने टाकल्या त्याला त्या दिवशी घाई असावी, कारण कुठे ३९४ भरतं, कुठे ४०७. प्रत्येक कडीवर लेव्हल ठेवून बघितली, बुडबुडा मधोमध. म्हटलं झालं.

शनिवारी दादाला मदतीला बोलावलं. दोघांनी मिळून पहिली ओळ पूर्ण केली, मग दुसरी ओळ अर्ध्या शीटने सुरू करून पुढे एक अख्खी टाकली, म्हणजे सांधे एका रेषेत येत नाहीत. शीट २४४० बाय १२२० ची, लांब बाजू कड्यांना आडवी. टोक कडीच्या मध्यावर यावं म्हणून प्रत्येक अख्ख्या शीटचे साधारण ४० मिमी कापून टाकावे लागले. दादा दर वेळी हळहळला. त्याच्या मते आम्ही मोजण्यात कुठेतरी चुकतोय. स्क्रू ४ बाय ५० चे, डोक्यापर्यंत आटे असलेले, सगळीकडे ३०० मिमीवर. गोंद लावलेला नाही.

आता रडगाणं. दुसऱ्या ओळीतली ती अख्खी शीट बोलते. खोलीच्या बरोब्बर मध्यावर, सातव्या कडीपाशी पाय दिला की 'किर्र', आणि उचलला की एक बारीक 'टक'. तिथे दोन जादा स्क्रू मारले. आवाज गेला तर नाहीच, आता दोन सुरांत येतो.

तर आवाज कशाचा? गोंद लावायला हवा होता का? स्क्रू की खिळे, यावर दादाचं आणि माझं वाजलंय, तेही मिटवा. शिवाय शीटच्या लांब कडा दोन कड्यांच्या मधे अधांतरी आहेत. कडा साध्या आहेत, एकमेकींत अडकणाऱ्या नर-मादी नाहीत. तिथे पाय दाबला तर एक शीट किंचित खाली जाते, शेजारची जागेवर राहते. हे वरच्या फळ्या सांभाळून घेतील ना? 'हो' म्हणा.

जुना रंधा

नाही म्हणतो.

साहेब, दोन शीट वेगवेगळ्या हलत असतील तर त्यांच्यावरून जाणारी फळी रोज थोडी थोडी वाकणार, तिचे खिळे ढिले होणार, आणि मग ती पण बोलणार. लांब कडांच्या खाली आडवे ठोकळे हवेतच. तुमच्या अंतराला ४०० वजा ४५, म्हणजे ३५५ मिमीचा ठोकळा. पण सगळे एका मापाचे कापून ठेवू नका. तुम्हीच लिहिलंय की कुठे ३९४, कुठे ४०७. प्रत्येक गाळा, म्हणजे दोन कड्यांमधली मोकळी जागा, मोजा आणि तेवढाच कापा. मोठा ठोकळा हातोडीने ठोकून बसवला की कडी बाजूला फुगते, पुढचा गाळा लहान होतो, आणि ही रड खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. ७० मिमी रुंदीचा ठोकळा पालथा टाका, अर्धा या शीटखाली, अर्धा त्या शीटखाली. त्याची वरची बाजू कडीच्या वरच्या बाजूशी हाताला एक लागली पाहिजे. डोळ्यावर विसंबू नका, बोट फिरवा.

४० मिमी कापले ते बरोबर. भाऊंना सांगा, चूक तुमची नाही, मापाची आहे. २४४० ची शीट ही मुळात आठ फुटांची, आणि ती १६ इंचांच्या अंतरासाठी जन्मलेली. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, सहा गाळे झाले की २४३८. कड्या ४०० वर टाकल्या की सहा गाळ्यांचे २४००, उरलेले ४० हवेत. ते कापण्याला पर्याय नाही. काही जण कडीला बाजूने पट्टी मारून त्यावर टोक टेकवतात. पुढे ती पट्टीच आवाज करते.

आता स्क्रू. डोक्यापर्यंत आटे असलेला स्क्रू इथे तुमचा शत्रू. तो फिरताना आधी प्लायमध्ये धरतो, मग टोक कडीत शिरून तिथेही धरतं. आता दोन्हीकडचे आटे एकाच चालीने पुढे जातात, त्यामुळे त्या क्षणी प्लाय आणि कडीत जेवढी फट असेल तेवढी तशीच बांधली जाते. वरून कितीही जोर लावा, डोकं प्लायमध्ये रुतेल, पण प्लाय खाली येणार नाही. म्हणून तुमचे जादा दोन स्क्रू वाया गेले. अर्ध्या आट्यांचा स्क्रू घ्या, डोक्याखालचा गुळगुळीत भाग निदान प्लायच्या जाडीएवढा, १८ मिमी. तो भाग प्लायमध्ये मोकळा फिरतो आणि डोकं प्लायला कडीवर ओढून घेतं. हेच स्क्रू संपवायचे असतील तर फक्त प्लायला साडेचार मिमीचं आरपार भोक पाडा आणि मग स्क्रू मारा. मारताना शीटवर उभे राहा.

अंतर ३०० फक्त मधल्या कड्यांवर चालेल. शीटच्या कडांना १५० वर हवेत, काठापासून निदान १० मिमी आत. तुमची कडी ४५ ची, सांध्यावर प्रत्येक शीटच्या वाट्याला जेमतेम २० मिमी येतात. तिथे स्क्रू किंचित तिरका, कडीच्या पोटाकडे झुकवून मारा.

खिळे वाईट नाहीत, पण गुळगुळीत खिळा नको. लाकूड सुकलं की तो वर येतो आणि भोकात घासतो, जुन्या घरात रात्री जे ऐकू येतं त्यातलं निम्मं तेच असतं. गोल कंगोरे असलेला खिळा गोंदासोबत मारला तर जन्मभर हलत नाही. मी स्वतः स्क्रूवाला आहे, कारण चुकलं तर काढता येतो. तुमचं चुकलंय, बघा किती उपयोग होतोय ते.

पण एक विचारतो. लेव्हल केवढी होती?

अर्धी सुतारीण

साहेब नाही, बाई आहे. असो. लेव्हल ६०० मिमीची होती. का?

जुना रंधा

बरं बाई. ३.६ मीटरच्या कडीवर ६०० ची पाणसळ म्हणजे म्हशीच्या पाठीवर आगपेटी ठेवून म्हैस सरळ आहे म्हणण्यासारखं. कडी मध्यभागी चार मिमी बसली असली तरी बरोब्बर मध्यावर ठेवलेल्या ६०० च्या पाणसळीत बुडबुडा मधोमधच दिसणार. आणि तुम्ही कडीच्या लांबीने बघितलं, कड्यांना आडवं बघितलंच नाही. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, पाच कड्यांवर एकदम आडवी टाका आणि कुठून उजेड दिसतो ते बघा. दोन मीटरला तीन मिमीपर्यंत मी सोडून देतो. त्याच्या वर नाही.

तुमचा आवाज नेमका मधल्या ओळीत आणि नेमका खोलीच्या मध्यावर येतोय. कडी बसते ती मध्यावरच.

पाइपफोड्या

रंधाकाकांनी लाकडाचं सांगितलं, मी नावाला जागून पाइपाचं सांगतो. तुमच्या कड्यांमधून पाइप किंवा वायर गेल्यात का? ५० चा स्क्रू १८ च्या प्लायमधून गेल्यावर ३२ मिमी खाली उतरतो. जुन्या कामांत कडीला वरून खाच मारून पाइप टाकलेला असतो, म्हणजे तुमच्या स्क्रूच्या थेट वाटेवर.

माझ्या बाबतीत काय झालं ते ऐका. गरम पाण्याच्या तांब्याच्या पाइपात स्क्रू गेला आणि मला कळलंच नाही, कारण स्क्रूनेच भोक बुजवलं. पाणी आलं नाही, वास आला नाही. वरची जमीन पूर्ण झाली, पॉलिश झालं, सामान लागलं. काही आठवड्यांनी स्क्रू गंजला, पाइप गरम-थंड होऊन हलत राहिला आणि खालच्या खोलीच्या छतावर बशीएवढा पिवळा डाग आला. बशीचं ताट व्हायला दोन दिवस लागले.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. झाकण्याआधी प्रत्येक गाळ्याचा फोटो, त्यात भिंतीपासून उलगडलेला टेप दिसला पाहिजे. आणि शीट टाकल्यावर पहिला स्क्रू मारायच्या आधी पाइपाची वाट जाड पेन्सिलीने प्लायवर काढायची, दोन्ही बाजूंना ५० मिमी सोडून. त्या पट्ट्यात स्क्रू नाही.

गोंदाबद्दल माझं मत काकांना आवडणार नाही. पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेला प्लाय मी एकदा उखडलाय. तो उखडत नाही. त्याचे पापुद्रे निघतात, शेवटचा पापुद्रा कडीवर राहतो आणि तुम्ही पटाशी घेऊन संध्याकाळपर्यंत बसता. म्हणून पाइपाचा जोड किंवा व्हॉल्व्ह जिथे असेल तिथे एक सुटा तुकडा ठेवा, चारी बाजूंनी खाली ठोकळे देऊन, नुसत्या स्क्रूंवर, गोंदाशिवाय.

जुना रंधा

आवडलं. सुटा तुकडा ठेवायचाच. बाकी ठिकाणी मात्र गोंद लावायचाच, आणि आधी कडी खरवडून. जुन्या कडीवर धूळ, रंग, मेण, काय काय असतं. गोंद धुळीला चिकटतो आणि धूळ कशालाच चिकटत नाही. कडीवर सहा मिमी जाडीची एक सलग वळी सोडा, सांधा असलेल्या कडीवर दोन, प्रत्येक शीटला स्वतःची. एका शीटपुरताच सोडा. सगळ्या खोलीत वळ्या घालून मग शीट आणायला गेलात तर वर साय धरलेली असते.

तीन पेरांचं काम

इतकं कशाला? फटीत टाल्कम पावडर घाला, आवाज जातो. स्वानुभव.

जुना रंधा

जातो, आणि पावसाळा संपला की परत येतो. वरची जमीन बसलेली असती तर मीही पावडरच सांगितली असती. इथे कड्या अजून उघड्या आहेत.

कोरडी हवा

एक वेगळाच मुद्दा, कुणी काढला नाही म्हणून. फळ्यांचे गठ्ठे फोडलेले नाहीत म्हणता, आणि प्लाय कुठे ठेवला होता? ओलावा मोजायचं ते दोन पिनांचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या किंवा मागून आणा. प्लाय, कड्या आणि जमिनीच्या फळ्या तिन्ही मोजा, प्रत्येकी आठ-दहा ठिकाणी. अस्सल लाकडाची फळी ७५ मिमीपेक्षा अरुंद असेल तर सबफ्लोअर आणि फळी यांच्यातला फरक चार टक्क्यांपर्यंत चालतो. तुमची १२० ची आहे, तुम्हाला दोनच टक्के. रुंद फळी खालून ओल पिते, तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि जमिनीला पत्र्यासारख्या पन्हळी पडतात. मग सगळे फळ्या विकणाऱ्याला शिव्या घालतात.

शीटच्या मधे तीन मिमी फट सोडलीत का? आणि भिंतीपाशी १०-१२ मिमी?

अर्धी सुतारीण

भिंतीपाशी सोडली होती. शीटच्या मधे नाही. मी उलट दादाला सांगितलं होतं, ठोकून घट्ट बसव. देवा.

आता बाकीचं सांगते, बसून वाचा.

काल संध्याकाळी दोन मीटरची पट्टी मिळाली, पण त्याआधी मला रंधाकाकांच्या 'उजेड' या शब्दाने एक सुचलं. तिसरी ओळ अजून टाकलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या ओळीच्या उघड्या काठावरून आत डोकं घालता येतं. सातव्या कडीच्या पलीकडच्या गाळ्यात टॉर्च ठेवला, खोलीतला दिवा घालवला, आणि मी अलीकडच्या गाळ्यावर फळी टाकून तिच्यावर पालथी पडले. कडी आणि प्लाय यांच्यामधून उजेडाची एक रेघ दिसत होती. काठापाशी नाहीच, मग केसासारखी, आणि मध्याकडे जाता जाता जाड. दादाला म्हटलं, चढ. तो चढला. 'किर्र' झालं आणि रेघ विझली. उतरला. 'टक'. रेघ परत आली. आम्ही हे सहा-सात वेळा केलं, खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जास्त, कारण बघायला मजा येत होती. स्क्रूच्या भोवती कडीवर पिठासारखा बारीक भुसा पडला होता. म्हणजे प्लाय स्क्रूवरच खालीवर होतोय, प्लायमधल्या आट्यांचं भोक केव्हाच मोठं झालंय.

मग त्या शीटचे स्क्रू काढले, शीट उचलून भिंतीला लावली आणि पट्टी आडवी टाकली. पाचवी, सहावी, आठवी, नववी, सगळ्यांना पट्टी टेकते. सातवी आणि पट्टी यांच्या फटीत पाच मिमीचा तुकडा अडकतो आणि चारचा जातो. तर ही चार मिमी खाली आहे.

मी लगेच चार मिमीची प्लायची पट्टी कापून कडीवर चिकटवणार होते. मग वाटलं, आधी इथे सांगावं.

जुना रंधा

बरं केलंत. पट्टी नंतर. बाराजणी सरळ आहेत आणि एकटी सातवी का बसली, हे आधी बघा. लाकूड तेच, वय तेच, भार तोच. तिच्या दोन्ही अंगांवर टॉर्च मारा, टोकापासून टोकापर्यंत. चीर, गाठ, वाळवी, ओल, खाच. स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीतल्या बुडाशी टोचून बघा, शिरतं का.

अर्धी सुतारीण

खाच आहे.

जुन्या फळ्यांखालची माती आणि भुसा तिच्यात गच्च भरलेला होता, म्हणून आधी दिसली नाही. मी ती कडीचाच भाग समजत होते. ब्रश मारला तर ढेकूळ निघालं आणि खाली एक आडवी खाच, ६० मिमी रुंद, ५० मिमी खोल, कडीच्या लांबीच्या जवळपास मध्यावर. तिच्यातून कधीकाळी पाइप गेला असणार. शेजारच्या दोन्ही कड्यांना तशी खाच नाही, पाइप तिथून खाली वळला असावा. आता पाइप नाही, नुसतं भोक. खाचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक चीर निघालीय, हाताच्या पंजाएवढी लांब, कडीच्या रेषांसोबत गेलेली. दाबलं की तिचे ओठ हलतात.

जुना रंधा

सापडला चोर.

खाच कडीच्या उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त खोल नको, हा सुतारकामातला साधा नियम. १९५ ला ३२ मिमी. तुमची ५०. आणि मधल्या तिसऱ्या भागात तर खाच मारायचीच नाही, तिथे कडी सगळ्यात जास्त वाकते. पाइप न्यायचाच असेल तर कडीच्या उंचीच्या मध्यावर गोल भोक पाडतात, ते एवढं दुखत नाही. ज्याने खाच मारली त्याने १९५ ची कडी १४५ ची केली आणि वर चीर भेट दिली.

आता हे माझ्या-तुमच्या गप्पांचं काम उरलं नाही. चिरलेली कडी आहे, खाली खोली आहे. बांधकामाचं गणित जाणणारा माणूस बोलावून दाखवा. तो बहुधा जोडकडी सांगेल, शेजारी तशीच नवी कडी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, बोल्टने आवळून. तोवर त्या जागी कुणी नाचू नका, भाऊ तर मुळीच नको.

पाइपफोड्या

खाच मारणारा माझ्याच जातीचा दिसतोय. त्याच्या वतीने क्षमस्व.

अर्धी सुतारीण

तीन आठवड्यांनी येतेय. विसरले नव्हते, घाम गाळत होते.

स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघून गेल्या. काकांनी सांगितलं तेच, जोडकडी. ४५ बाय १९५, पूर्ण लांबीची, दोन्ही टोकं भिंतीत जुन्या कडीशेजारीच टेकलेली, १२ मिमीचे बोल्ट ४०० मिमीवर, एक वर एक खाली असे आळीपाळीने, मोठे वायसर. जुनी कडी मध्यावर जॅक लावून हळूहळू उचलली, एका दमात नाही, खालच्या छताला तडे जातील म्हणून दिवसाला एक-दीड मिमी. चार मिमी उचलायला तीन दिवस. हे सगळं मी केलेलं नाही, तिथे मी सुतार बोलावला आणि फक्त टॉर्च धरला.

सगळ्यात अवघड काय वाटलं असेल? ३.६ मीटरची कडी दोन कड्यांच्या मधे घुसवणं. ती सरळ खाली जातच नाही, दोन्ही टोकं भिंतीत शिरायची असतात ना. सुताराने एका भिंतीतलं भोक थोडं खोल केलं, कडी तिरकी धरून एक टोक आत पार ढकललं, दुसरं खाली आणलं आणि मग पूर्ण कडी मागे ओढून घेतली. आडवी पडलेली कडी उभी करताना तिचा कोपरा अडत होता, तेवढा रंध्याने उडवला. मोकळी झालेली पोकळी मग भरून घेतली. मला ते बघताना दारातून सोफा काढणारे लोक आठवले.

एक फायदा फुकटात झाला. पहिल्या ओळीचा सांधा नेमका सातव्या कडीवर होता, जिथे दोन शीटना वीस-वीस मिमी मिळत होते. आता तिथे ९० मिमीची बैठक आहे. स्क्रू तिरके मारावे लागले नाहीत.

मग बाकीच्या शीटही उपसल्या. (दादा दोन दिवस बोलत नव्हता.) कड्या तारेच्या ब्रशने घासल्या. ठोकळे मोजून कापले, जोडकडीने अरुंद झालेला गाळा सोडला तर सगळ्यात लहान ३४९ चा, सगळ्यात मोठा ३६२ चा, प्रत्येकावर पेन्सिलीने गाळ्याचा नंबर. मधे तीन मिमी फटीसाठी तीन मिमी जाडीचे खिळे शीटच्या मधे उभे धरले आणि स्क्रू मारून झाल्यावर काढून घेतले. अर्ध्या आट्यांचे स्क्रू, कडांना १५०, मधे ३००, खाली गोंद. सगळ्या खोलीला चारशेच्या आसपास स्क्रू गेले, त्यातले शेवटचे शंभर मारताना मनगट माझं राहिलं नव्हतं.

फरक हाताला कळतो, हे लिहायचं होतं. पूर्ण आट्यांचा स्क्रू शेवटी नुसता जड होतो आणि डोकं प्लायमध्ये रुततं. अर्ध्या आट्यांचा स्क्रू शेवटच्या दोन वळशांत शीटला खाली ओढतो आणि कडेने गोंद किंचित बाहेर येतो, सँडविचमधून चटणी यावी तसा. जिथे गोंद बाहेर आला नाही अशा दोन जागा सापडल्या. दोन्ही ठिकाणी ठोकळा कडीपेक्षा जरा खाली बसला होता. काका, मी बोट फिरवलं नव्हतं, डोळ्यावर विसंबले. ठोकळे काढून पुन्हा बसवले.

भिंतीजवळ एक सुटा तुकडा ठेवलाय, ३०० बाय ४००, खाली व्हॉल्व्ह आहे. वरच्या फळ्यांमध्ये तो कसा लपवायचा ते अजून कळलेलं नाही.

जुना रंधा

लपवू नका. फळीच्या सांध्याबरोबर कापा आणि पितळी स्क्रू दिसू द्या. दहा वर्षांनी जो शोधेल तो दुवा देईल.

मीटर लावलंत का?

अर्धी सुतारीण

लावलं. प्लाय ११ टक्के, कड्या १२, नवी जोडकडी १४, फळ्या ८. म्हणजे प्लायशी फरक तीन टक्के, आणि मला दोनच चालतात. गठ्ठे फोडून खोलीतच पट्ट्यांवर रचलेत, हवा खेळेल असे. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने तारीख आणि आकडे लिहीत जातेय. आठवड्यात प्लाय साडेदहावर आलाय, फळ्या तिथेच.

दादाला फळ्या ठोकायची घाई झालीय. काल येऊन खोलीच्या मध्यावर उड्या मारून गेला. आवाज आला तो फक्त त्याच्या गुडघ्याचा.